चमचाभर पोलंड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे चमचाभर पोलंडची दारू चाखणं. म्हणजे चाखली तिने. मी फक्त चमचा धरला. दुपारचे चार वाजले होते, स्टोव्हवर चहा उकळत होता आणि माझी बायको मोरीपाशी उभी राहून तोंडात घोट फिरवत होती. मग पचकन थुंकली, तीनदा चूळ भरली आणि पदराने तोंड पुसलं.

"काय?" मी विचारलं.

"काय काय?"

"कशी आहे?"

"उद्या सांगते."

"अगं, उद्या पोलंडचे पाव्हणे येऊन राहिले हॉटेलात. सेठ माझं डोकं खाऊन राहिला."

"मग सेठला सांगा, रंग अजून ओला आहे."

मी नमुन्याची बाटली ओट्यावर ठेवली, चहा पिलो, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ड्यूटीवर निघालो. दारातून वळून बघितलं पण नाही. रोज कोण बघतं?

आता सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणणारी बाई दारू का चाखत होती, आणि दारूत ओला रंग कुठून आला, ते सांगायला पाहिजे. मी चौथी शिकलेला माणूस. पुढचं मागे झालं तर सांभाळून घ्या.

मी इंदूरला मिलच्या रंगखात्यात होतो, बावीस वर्षं. माझं काम रंग मिळवायचं. वरून कपड्याचा तुकडा यायचा, की बाबा, अस्साच गुलाबी पाहिजे. मग मी नापाने रंग घ्यायचा, थोडंसं पाणी तयार करायचं, त्यात पांढऱ्या कापडाची पट्टी बुडवायची, पिळायची आणि वाळत टाकायची. ओल्या पट्टीवर कधी विश्वास ठेवायचा नाही. ओला रंग खोटा असतो, गडद दिसतो. ट्यूबलाइट पण खोटी. पट्टी रात्रभर वाळायची आणि सकाळी उत्तरेच्या खिडकीत धरून उस्ताद बघायचे. पास झाली तर पट्टी खिडकीच्या चौकटीला टाचली जायची. फेल झाली तर खाली पिंपात. उस्ताद तोंडाने काही बोलायचे नाहीत. आपण सकाळी यायचं आणि खिडकीकडे बघायचं, बस.

हे सगळं मी घरी येऊन सांगायचो आणि ती ऐकायची. बायकोला सांगितलेली गोष्ट कधी आपल्यावर उलटेल सांगता येत नाही.

रंगखात्याने मला पगार दिला आणि माझं नाक घेतलं. ब्लीचिंगचा धूर, तेजाबाची वाफ, रोजच्या रोज. हळूहळू वास येणं बंद झालं. दूध करपलं तरी डोळ्याला दिसल्याशिवाय कळायचं नाही. नाक गेलं की जीभ पण अर्धी जाते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खारट, आंबट, गोड, कडू एवढं कळतं. डोळे मिटून आंबा दिला काय आणि पपई दिली काय, मी दोघांना गोडच म्हणणार. ती चिडवायची, "तुमच्यासाठी स्वयंपाक करणं म्हणजे भिंतीला जेवू घालणं."

मग मिलला टाळं लागलं. आधी एक पाळी बंद, मग दुसरी, मग एक दिवस फाटकावर कागद. वर्षभर आम्ही फाटकासमोर बसलो. घर तिने चालवलं. भंवरकुआंला तेव्हा कोचिंगवाले नवेनवे सुरू झाले होते, बाहेरगावची पोरं खोल्या घेऊन राहायची. ती त्यांचे डबे करायची. पोरं तिला मौसी म्हणायची, आणि डब्यात चिठ्ठी टाकून वरण जास्त मागायची. मी डबे पोचवायचो. सायकलवर बसलेला बेकार माणूस काय काय विचार करतो ते मी इथे लिहीत नाही.

त्याच सुमारास बाजारात बाहेरचा माल यायला लागला आणि शहरात नवी हॉटेलं उभी राहिली. स्नेहलतागंजात एका सेठने हॉटेल काढलं, खाली जेवण आणि वर बार. त्याचा पहिला बारवाला अर्धा पेग ग्लासात ओतायचा आणि अर्धा स्वतःच्या पोटात. मिलमधल्या कोणीतरी माझं नाव सांगितलं. सेठने मला वरून खाली बघितलं.

"भिया, पीते हो?"

"नाही जी. सोडली. चवच लागत नाही."

एवढं खरं मी बोललो होतो. त्याने ते नीट ऐकलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण त्याला वाटलं, वैरागी माणूस आहे.

"बढ़िया. मेरे को पीने वाला नी चिये, नापने वाला चिये."

नापण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मी लागलो. दोन महिने बरे गेले. मग सेठचा साढू परदेशातून आला. तो सोयाबीनची पेंड बाहेर पाठवायचा, आणि त्या खेपेला पोलंडला जाऊन आला होता. येताना वोदकाच्या पेट्या. परवाना-बिरवाना सेठ जाणे. सेठने बाटल्या माझ्यासमोर मांडल्या. दोन पाण्यासारख्या साफ, त्यातली एक राईच्या दाण्याची आणि एक बटाट्याची. राई म्हणजे आपली मोहरी नाही हं, तिकडचं गव्हासारखं धान्य आहे. एक लाल, चेरीची. एक मधाची, पिवळी. आणि एकीत चक्क गवताची काडी तरंगत होती. मी ती बाजूला काढून ठेवली, वाटलं कचरा पडलाय.

"कचरा नी है भिया, वोई तो असली है," साढू म्हणाला. "उधर जंगल में भैंसे खाते हैं ये घास."

सेठ म्हणाला, आता लोकांना नुसता पेग नको, कॉकटेल पाहिजे. बनाओ.

मी बनवलं. मला जे येतं तेच मी केलं. चेरीची लाल घेतली, लिंबूपाणी घातलं आणि मिलमधल्या राणी रंगाच्या ताग्याशी जुळेपर्यंत थेंबथेंब मिळवत गेलो. पांढऱ्या रुमालाची पट्टी फाडून त्यात बुडवली आणि पंख्याखाली वाळवली. रंग जरा मऊ वाटला म्हणून तो खुलायला चमचाभर सिरका टाकला. आणि मिठाशिवाय रंग धरत नाही हे रंगखात्यातल्या झाडूवाल्याला पण माहीत, म्हणून दोन चमचे मीठ. ग्लास असा देखणा झाला की काय सांगू. सेठसमोर ग्लास ठेवला, आणि बाजूला पट्टी.

सेठने एक घोट घेतला. मग रुमालात थुंकला.

"कलर तो फर्स्ट क्लास है," तो म्हणाला. "साड़ी रंगवानी है क्या?"

वर म्हणाला, "कल शाम तक का टाइम है. नी तो अपना रस्ता नाप लेना. वो तो तुमको आता है."

मी पाचही बाटल्यांतून थोडी थोडी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत ओतून घरी आणली, चोरासारखी. तिला सगळं सांगितलं. गोष्ट दोन चमचे मिठापाशी आली आणि ती जमिनीवर बसून हसली.

"सिरका पण?"

"रंग खुलतो त्याने."

"अहो, मग इस्त्री पण मारून द्यायची!"

"हसतेस काय? उद्या नोकरी जाईल. परत सायकलवर तुझे डबे."

त्यावर तिचं हसू थांबलं. ती बाटल्यांकडे बघत राहिली, मग हात पुढे केला. "चमचा द्या."

मीच दचकलो. "तुझं पाचवं शील?"

तिच्या घरात कोणी दारूला शिवलेलं नव्हतं. तिचे वडील, ती त्यांना दादा म्हणायची, महूला फौजेच्या तबेल्यात सईस होते, घोड्यांची मालिश करणारे, आणि घोड्यापेक्षा सरळ चालणारे. वंदना चुकली तर ही दिवसभर सांडलवंड करायची. आणि पाचव्या शिलात हेच तर सांगितलंय की नशा करणार नाही.

"प्यायला शील आडवं येतं," ती म्हणाली. "मी कुठे पिते? मी थुंकणार. वरणात मीठ बघते तसं. आणि समजा चुकलंच काही, तर उद्या सकाळी नवं घेईन. रोज घ्यायचं असतं ते काय उगीच?"

पुढे केव्हातरी महूला गेलो तेव्हा तिने भंतेजींना आडून आडून विचारलं, की चाखून थुंकलं तर काय. भंतेजी म्हणाले, बाई, तुमचे डबे चांगले असतात असं ऐकतो. याचा अर्थ काय घ्यायचा तो तिने घेतला.

त्या दिवशी मोरीपाशी उभं राहून तिने पाचही चाखल्या. प्रत्येकीनंतर तीन चुळा. तोंड असं वेडंवाकडं केलं, जसं आमची लेक लहानपणी एरंडेल पिताना करायची. पण बोलली ती अशी की साढूची बोलती बंद झाली असती. राईची चाखून म्हणाली, "भाकरीचा करपलेला पापुद्रा. मागून मिऱ्याचा चटका." बटाट्याची? "ही जाड आहे. बटाटे उकडल्याचं पाणी, पण चांगल्या घरचं." चेरीची? "खोकल्याचं औषध. बाटलीवर सकाळ-संध्याकाळ लिहा." मधाची ठीक म्हणाली. मग गवताच्या काडीवाली तोंडात घेतली, आणि थुंकायला वाकली ती तशीच राहिली.

"काय झालं?"

ती थुंकली. चूळ भरायची विसरली. "तबेला," ती म्हणाली.

"घाण आहे?"

"घाण कशाला? पावसाळ्यानंतर गवत कापून आणायचे ना तबेल्यात, ऊन लागून अर्धं वाळलेलं, तसं. त्या गंजीवर मी झोपायची. दादा शोधत फिरायचे."

मी म्हणालो, "हे गवत तिकडच्या रानातले रेडे खातात म्हणे."

"आणि इकडचे सेठ पितात."

त्या दारूबरोबर पोलंडात सफरचंदाचा रस घेतात असं साढू बोलला होता. ती म्हणाली, सफरचंद तापवाल्या माणसाला द्यायचं असतं. तिने घरातला पिकलेला जाम घेतला, म्हणजे तुमच्या पुण्याकडचा पेरू, तो कुस्करून कापडातून गाळला, लिंबू पिळलं आणि ग्लासाच्या काठाला जिरावण लावलं, जे आम्ही इंदूरवाले सकाळी पोह्यावर भुरभुरवतो तेच. दारू किती ते मी नापलं. तिने चाखलं, थुंकली. मी म्हटलं, "पास?"

"आत्ता कसं सांगू? रंग ओला आहे. सकाळी बघू खिडकीत."

हे असं उलटतं. मी पाया पडायचा बाकी राहिलो, पण बाईने तोंड उघडलं नाही. सकाळी सहाला उठून बघतो तर नमुन्याची बाटली ओट्यावरच्या खिडकीत उभी. पास. त्या संध्याकाळी सेठने आख्खा ग्लास संपवला आणि काठ चाटला. मला जवळ बोलावून म्हणाला, "भिया, जबान है तुम्हारी!" मी मान खाली घातली. त्याला विनय वाटला.

त्यानंतर तोच कायदा झाला. दुपारी चारला चाखायचं, निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. ती पाचला उठायची, मी सहाला. बाटली खिडकीत असली की पास. फेल असली की रिकामी करून मोरीच्या कठड्यावर उलटी. राईच्या वोदकात जलजिरा पास झाला. बटाट्याचीत कैरीचं पन्हं दोनदा उलटं पडलं, तिसऱ्यांदा पास. चेरीचं मात्र तिने कधी काही होऊ दिलं नाही, शेवटपर्यंत औषधच म्हणाली. एकदा ऐन घोटाला तिला उचकी लागली आणि घोट पोटात गेला. आठ दिवस माझ्याशी बोलताना तिने तोंड वळवलं, जणू उचकी मी पाठवली होती. घरात काही सांडलं की म्हणायची, "मला नका विचारू, मी पिलेली आहे."

सकाळची वंदना आम्ही बरोबर करायचो. ती मोठ्याने म्हणायची, मी मागून. चौथं शील झालं की मी खोकायचो. बारमध्ये काम करणाऱ्याने पाचवं कोणत्या तोंडाने म्हणायचं? ती तेवढ्यात थांबायची.

"चार झाले. पाचवं कुठं गेलं?"

"ड्यूटीवर."

"बरं. आलं की सांगा. ज्या दिवशी तुमच्या तोंडून पाचवं निघेल, त्या दिवशी मी समजेन हॉटेल सुटलं."

आणि पुढचं ती एकटीच म्हणायची. लेक सुदामा नगरात दिली होती. ती माहेरी आली की तिला पण हा खेळ पाठ. चौथं झालं की दोघी माझ्याकडे बघायच्या.

अशी वर्षं गेली. माझी जीभ आमच्या मोरीपाशी उभी असते हे हॉटेलात कोणाला कळलं नाही. पण मग शहरात आणखी मोठी हॉटेलं आली, आणि शिकून आलेले, बाटल्या हवेत उडवून झेलणारे बारवाले आले. सेठने तसा एक बघून ठेवला होता. मला तोंडावर सांगितलं, लपवलं नाही. म्हणाला, सोयाबीन घेणारे पोलंडचे लोक येतायत, साढूचं मोठं काम आहे, थंडीचे दिवस आहेत. त्यांच्या मधाच्या वोदकाचं काहीतरी गरम बनव. त्यांना आवडलं तर तू आहेस. नाही तर भिया, उम्र भी हो गई तुम्हारी.

म्हणून त्या दुपारी आम्ही मधाचीवर बसलो होतो. आल्याचा रस, लिंबू, गरम पाणी. पहिल्या नमुन्याला म्हणाली, लवंग दोन नको, एक. दुसऱ्याला म्हणाली, गूळ कोणी घालायला सांगितला, मध आहे ना आधीच. तिसरा नमुना चाखला, आणि "उद्या सांगते."

संध्याकाळी साडेसातला शेजारचा माणूस स्कूटर घेऊन हॉटेलात आला. म्हणाला, "भिया, घर चलो." मी मागच्या सीटवर बसलो. पोचलो तेव्हा ती पुढच्या खोलीत चटईवर होती. डबे भरून झाले होते. शेजारीण म्हणाली, पाणी प्यायला म्हणून टेकली आणि तशीच कलंडली. डॉक्टर येऊन गेला होता.

माणसं आली. लेक आणि जावई आले. सेठ पण आला, दाराशी बूट काढून हात जोडून उभा राहिला. वाईट माणूस नव्हता. जाताना खाली वाकून माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "वो शहद वाला... हुआ क्या कुछ?"

"कल बताता हूं," मी म्हणालो.

लोक म्हणतात, दिवस जातील तसं कमी होतं. फालतू बात. जे होतं ते तसंच राहतं, आपण फक्त त्याच्या बाजूने चालायला शिकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी उठलो. झोपलोच नव्हतो, पण सहाला उठलो. न्यायची वेळ दहाची ठरली होती. स्वयंपाकघरात गेलो, तिथे रात्रभर मी पाय ठेवला नव्हता. खिडकीत बाटली उभी होती.

लेक ओटा आवरत होती. मी विचारलं, "ही इथे कोणी ठेवली?"

"काल आले तेव्हापासून तिथंच आहे, बाबा. मी फक्त डबे उचलले."

मी तिथेच ओट्याला टेकलो. मी निघालो पाचला, तेव्हा बाटली ओट्यावर होती. तिला उद्याची सकाळ दिसलीच नाही, आणि बाटली खिडकीत. म्हणजे तिला चाखल्याबरोबर कळायचं. पहिल्या दिवसापासून कळायचं. पट्टी वाळायची नाही, रंग ओला नाही, काही नाही. मला रात्रभर टांगून ठेवायची नुसती, आणि पाचला उठून, मी घोरताना बघून, हसत असणार.

"बदमाश बाई," मी म्हणालो. लेकीला वाटलं तिला म्हणतोय.

मी चमचा घेतला आणि बाटलीतलं चमचाभर तोंडात घेतलं. तिच्यासारखं फिरवलं. गोड होतं, आंबट होतं, घशाशी चटका होता. बाकी काय होतं ते मला कळलं नाही. मोरीपाशी जाऊन थुंकलो आणि तीनदा चूळ भरली. मग जावयाला हाक मारून कागदावर नाप लिहून घ्यायला लावलं, मध किती, आलं किती, लवंग एक, गूळ नाही, मीठ तर मुळीच नाही. म्हटलं, हे सेठला दे आणि सांग, पास आहे. त्याच्या नव्या माणसाला बनवू दे.

मग हातपाय धुतले, पांढरा शर्ट घातला आणि तिच्या जागेशेजारी माझ्या जागेवर बसलो. लेक मागे येऊन बसली. मी मोठ्याने म्हणायला लागलो, कारण आज मीच पुढे होतो. चार झाले. मी थांबलो. लेक पण थांबली. कोणी विचारलं नाही.

मग मी पाचवं म्हटलं.